नववधूंसाठी: मुहूर्तापूर्वीची तयारी

आमच्याकडे वधूसाज ठरवणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लग्नाच्या दिवशी वधूला बराच वेळ पाटावर मांडी घालून बसावे लागते, अंतरपाट दूर होताच हात उंचावून हार घालावा लागतो, लाजाहोमाच्या वेळी पेटत्या होमापाशी वाकावे लागते आणि सप्तपदीत तांदळाच्या राशींवर पाऊल ठेवावे लागते. आरशासमोर उभे राहून पसंत केलेला साज या सगळ्या हालचालींत टिकतो की नाही, हे आधीच पाहून घ्यावे, असा आमचा आग्रह असतो.

सर्वांत जास्त अडचण ब्लाउजमुळे येते. एका लग्नात हार घालण्यासाठी वधूने हात वर केले आणि काखेतली शिवण उसवली. पुढचे विधी तिने पदर खांद्यावरून लपेटून, अवघडलेल्या अंगाने पार पाडले. म्हणून ब्लाउज किमान दहा दिवस आधी हाती घ्यावा, तो घालून हात पूर्ण वर करून पाहावेत, जमिनीवर बसावे, वाकावे, आणि शिंप्याला शिवणीत दोन्ही बाजूंनी माया ठेवायला सांगावे. वराच्या उपरण्याशी पदराची गाठ बांधतात, तेव्हा पदर घट्ट पिनांनी जखडलेला असेल तर होमाभोवती फिरताना ओढ बसून पिनेपाशी रेशीम फाटते. आम्ही गाठीपुरता पदर मोकळा सोडतो आणि पिनेखाली कापडाचा लहान तुकडा घेतो.

नऊवारी म्हणजे जवळपास सव्वाआठ मीटर कापड असते आणि काष्टा घातल्यावर स्वच्छतागृहात जाणे सोपे राहत नाही. साडी नेसण्यापूर्वी जाऊन यावे, परंतु त्या भीतीने पाणी पिणे टाळू नये. उपवासाची रीत असल्यास दूध, फळे किंवा शहाळ्याचे पाणी चालेल का, हे गुरुजींना आदल्या दिवशीच विचारावे. रिकाम्या पोटी होमाच्या धुरात बसून वधूला चक्कर येणे आम्ही पाहिले आहे.

मेंदीचा रंग काढल्यानंतर 24 ते 48 तासांत गडद होतो, त्यामुळे लग्न रविवारी असेल तर मेंदी शुक्रवारी काढावी आणि पहिले काही तास हातांना पाणी लागू देऊ नये. तासाभरात काळा रंग देणारी ‘काळी मेंदी’ कृपया लावू नये; तिच्यात बहुधा केस रंगवण्याचे रसायन (पीपीडी) मिसळलेले असते आणि त्याने त्वचेवर फोड येऊ शकतात. हळदीचा पिवळेपणा साबणाने लवकर जात नाही, कारण हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. आधी खोबरेल तेल हलक्या हाताने चोळावे आणि मग चेहरा धुवावा. नवीन प्रसाधन कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी. फेशियल लग्नाच्या आठवड्यात प्रथमच करून घेऊ नये.

केस आदल्या दिवशी धुवावेत, कारण नुकत्याच धुतलेल्या निसरड्या केसांत अंबाडा आणि गजरा नीट बसत नाही. नाक टोचलेले नसल्यास चापाची नथ घरी अर्धा तास घालून पाहावी. ती घालून नीट बोलता आणि खाता आले पाहिजे. जोडव्यांचे माप संध्याकाळी द्यावे, त्या वेळी पाय किंचित सुजलेले असतात.

वेळेचा हिशेब मुहूर्तापासून मागे मोजावा. मुहूर्त सकाळी 11.40 चा असेल आणि गौरीहरपूजन पाऊण तास आधी असेल, तर वधू 10.45 पर्यंत पूर्ण तयार हवी. मेकअप, केस आणि साडी मिळून अडीच तास धरल्यास आमचे काम सव्वाआठला सुरू व्हायला हवे. मामाकडची पिवळी अष्टपुत्री मंगलाष्टकांनंतर बदलायची असल्यास आणखी अर्धा तास लागतो, आणि तो गुरुजींच्या क्रमात नेमका कुठे बसेल हे आधी विचारून आम्हाला कळवावे.

ट्रायलसाठी येताना ब्लाउज, नथ, मुंडावळ्या आणि दागिने सोबत आणावेत. शक्यतो दिवसाच्या उजेडात यावे, आणि लग्नाच्या दिवशी वधूजवळ सतत असणाऱ्या बहिणीला किंवा मैत्रिणीला बरोबर घ्यावे. काष्टा सैल झाला तर तो कसा सावरायचा, हे आम्ही तिला तिथेच शिकवतो.