घोडा (चिनी रास) : वार्षिक भविष्य

चिनी राशिचक्रातील बारा प्राण्यांपैकी सातवा घोडा. १९५४, १९६६, १९७८, १९९०, २००२, २०१४ आणि २०२६ ही त्याची वर्षे. या राशीच्या माणसाला येते वर्ष कसे जाईल हे सांगणारी पुस्तिका हाँगकाँग, तैवान, सिंगापूर, मलेशिया इथे नववर्षाच्या तोंडावर विकली जाते. त्यात नोकरी, पैसा, लग्न, प्रकृती आणि मग महिनावार फळ असते.

आपली रास जन्माच्या वेळच्या चंद्रावरून ठरते. इथे जन्मवर्ष पुरते. मात्र ते वर्ष १ जानेवारीला लागत नाही. १९९०चे चांद्र नववर्ष २७ जानेवारीला आले, म्हणून आदल्या दिवशी जन्मलेले मूल सापाच्या राशीचे. काही ज्योतिषी तर ४ फेब्रुवारीच्या आसपासचा ‘लीछुन’, म्हणजे वसंतारंभ, हीच हद्द धरतात.

भविष्याचा सांगाडा बोटांवर मोजता येतो. बारा राशी वर्तुळात मांडल्या की घोड्याच्या बरोबर समोर उंदीर येतो, म्हणून उंदराचे वर्ष घोड्याला संघर्षाचे. वाघ आणि कुत्रा हे त्याचे त्रिकूटातले सोबती, मेंढी जिवलग, तर बैलाशी बिनसलेले. वर्षाचा प्राणी आणि जन्माचा प्राणी यांचे नाते कळले की अर्धे भविष्य लिहून झाले. उरलेले त्या वर्षी राशीत येणाऱ्या शुभाशुभ ‘ताऱ्यां’वरून भरतात. हे तारे आकाशात शोधू नयेत, ते कोष्टकातले असतात. जन्माचे वर्ष, महिना, दिवस आणि तास यांवरून आठ अक्षरांची पत्रिका मांडणारे ज्योतिषी या पुस्तिकांना फारशी किंमत देत नाहीत. जगातल्या दर बारांतल्या एकाला एकच भविष्य लागू करायचे म्हटल्यावर त्यांचे चुकते असे म्हणवत नाही.

स्वतःच्या राशीचे वर्ष लाभाचे असेल असे कोणालाही वाटेल. समजूत नेमकी उलटी आहे. त्या वर्षी ‘ताइस्वेइ’ हा वर्षाधिपती डोक्यावर येऊन बसतो. त्याचे मूळ गुरू ग्रहात आहे. गुरूची प्रदक्षिणा सुमारे बारा वर्षांची. प्राचीन चिनी ज्योतिर्विदांनी त्याच्या उलट दिशेने फिरणारा एक काल्पनिक जोडीदार मानला, आणि पुढे त्याचा देव झाला. आपल्या पंचांगातील साठ संवत्सरांचे चक्रही बार्हस्पत्य, म्हणजे गुरूचेच. चिनी चक्रातही बारा प्राणी आणि दहा ‘खोडे’ (पंचतत्त्वांशी जोडलेली वर्षाची चिन्हे) यांच्या जोड्यांनी साठ वर्षे होतात, आणि प्रत्येक वर्षाला वेगळा ताइस्वेइ असतो. बीजिंगच्या श्वेतमेघ मंदिरात या साठांचे स्वतंत्र दालन आहे. साडेसातीत आपण शनीला तेल वाहतो, तसे तिथे ताइस्वेइची शांत करतात. शिवाय वर्षभर लाल कमरपट्टा, लाल मोजे, लाल अंतर्वस्त्रे किंवा मनगटाला लाल दोरा. लग्न किंवा घरात मूल असे काही मंगल घडले तर अरिष्ट टळते, असेही मानतात.

साठ वर्षांतून एकदा येणारे ‘अग्नि-अश्व’ वर्ष यांत सर्वांत गाजलेले. घोडा मुळातच अग्नितत्त्वाचा, त्यात वर्षाचे खोडही अग्नीचे. १९०६ आणि १९६६ ही अशी वर्षे. १७ फेब्रुवारी २०२६ला लागलेले वर्षही तेच. चीनमध्ये ते राज्यावर संकट आणणारे मानत. जपानमध्ये मात्र धाक वेगळाच रुजला: या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते आणि नवऱ्याला खाते. प्रियकराला पुन्हा भेटण्यासाठी आग लावल्याबद्दल १६८३ साली एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, जाळून मारलेली भाजीवाल्याची मुलगी ओशिची १६६६ची होती, अशी आख्यायिका या समजुतीला जोडली जाते. १९०६ साली जन्मलेल्या मुलींची लग्ने जुळायला त्रास झाला. कित्येक आईबापांनी जन्माची नोंद अलीकडच्या किंवा पलीकडच्या वर्षात ढकलली होती.

१९६६ साली लोकांनी मुलेच होऊ दिली नाहीत. जपानमध्ये १९६५ साली सुमारे १८ लाख २४ हजार जन्म झाले होते, ते १३ लाख ६१ हजारांवर आले आणि १९६७ साली १९ लाख ३६ हजारांवर उसळले. एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुले, त्या एका वर्षापुरता १.५८ झाला. पुढे १९८९ साली कोणत्याही अशुभ वर्षाविना तो १.५७वर उतरला, तेव्हा जपानी वृत्तपत्रांनी त्याला ‘१.५७चा धक्का’ म्हटले.