राजा, सांग, ती कुणाची? व्हॅम्पायर प्रेममालिकांवरून होणाऱ्या वाचकभांडणाची पार्श्वभूमी

व्हॅम्पायरची प्रेममालिका आवडली का, असं नागपुरात कुणाला विचारलं तर सरळ उत्तर मिळत नाही. आधी उलटा प्रश्न येतो, ‘कितव्या भागापर्यंत?’ धरमपेठेतल्या एका वाचनगटात परवा हेच झालं. कॉलेजात असताना ‘ट्वायलाइट’ ही चार भागांची व्हॅम्पायर प्रेममालिका वाचलेल्या बायका आता तिशी ओलांडून बसल्या आहेत. त्यांच्यात दुसऱ्या भागातच कंटाळलेल्या, तिसऱ्यावर जीव असलेल्या आणि चौथ्याचं नाव काढलं की हात झटकणाऱ्या असे तट पडले आहेत. “पहिल्या भागात तो काही बोलून तरी राहिला होता, पुढे नुसता उसासे टाकून राहिला,” असं व्हॅम्पायर नायक एडवर्डबद्दल एकीचं म्हणणं. “मग तू चारही भाग वाचले काऊन?” असं दुसरीने विचारलं, तेव्हा पहिलीने चहाचा कप उचलला.

बाहेरून बघणाऱ्याला हे पोरकट वाटेल. पण या भांडणाला लांबलचक इतिहास आहे, आणि त्याचं एक टोक आपल्याच घरात आहे.

अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ लिहिला, त्यात वेताळाच्या पंचवीस गोष्टी येतात. प्रेतात शिरलेला वेताळ, त्याला खांद्यावर घेऊन निघालेला राजा, आणि दर गोष्टीच्या शेवटी एक प्रश्न. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये यातल्या काही गोष्टी इंग्रजीत आणल्या तेव्हा वेताळाला थेट व्हॅम्पायर करून टाकलं. ‘ड्रॅक्युला’ यायला तेव्हा सत्तावीस वर्षं होती. वेताळ काही रक्त पीत नाही, त्यामुळे ही ओढाताण होती. तरी या गोष्टींचा आणि आजच्या प्रेममालिकांचा एक सांधा खराच आहे. तो म्हणजे वेताळाचे प्रश्न.

मंदारवतीची गोष्ट घ्या. तिला मागणी घालणारे तिघं ब्राह्मण तरुण, आणि लग्नाआधीच ती तापाने जाते. एक जण तिच्या राखेवरच अंथरूण घालून स्मशानात राहतो. दुसरा तिच्या अस्थी घेऊन गंगेवर जातो. तिसरा जोगी होऊन भटकतो, आणि कुठल्याशा घरातून मेलेल्याला उठवणारा मंत्र मिळवून परत येतो. मुलगी उठते, तिघंही तिच्यावर हक्क सांगतात. वेताळ विचारतो, राजा, ती कुणाची? उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल. राजा म्हणतो, जिवंत करणारा बापाच्या ठिकाणी, अस्थी नेणारा मुलाच्या ठिकाणी, राख उराशी धरून तिथेच राहिला तो नवरा. उत्तर देताना राजाचं मौन मोडतं, म्हणून वेताळ उडून पुन्हा झाडावर जाऊन लटकतो आणि पुढची गोष्ट सुरू होते.

म्हणजे ऐकणाऱ्याला मत असलंच पाहिजे, आणि मत दिलं की मालिका आणखी एक भाग चालते. चोविसावी गोष्ट फार गुंतागुंतीची आहे: बाप एका परक्या मुलीशी लग्न करतो, त्याचा मुलगा तिच्या आईशी, मग त्यांच्या पोरांचं एकमेकांशी नातं काय? इथे राजाला मत सुचत नाही, तो मुकाट चालत राहतो, आणि मालिका संपते. लेखकाला थांबवायचं असेल तर वाचकाला निरुत्तर करावं लागतं, हे सोमदेवाला ठाऊक होतं. पुढच्यांना ते फारसं जमलं नाही.

युरोपातला प्रेमिक व्हॅम्पायर जन्मला तो खराब हवेमुळे. १८१५ मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. जिनिव्हा सरोवराकाठी पावसाने घरात कोंडलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी लिहायचं ठरवलं. त्यातून मेरी शेलीचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ निघाला, आणि कवी बायरनचा डॉक्टर जॉन पोलिडोरी याची ‘द व्हॅम्पायर’ ही कथा १८१९ मध्ये छापून आली. तोवर लोककथेतला व्हॅम्पायर म्हणजे सुजलेलं, मातीने बरबटलेलं प्रेत. पोलिडोरीने त्याला उमराव केलं, दिवाणखान्यात आणलं, बायकांना भुरळ घालायला लावलं. आजच्या मालिकांतले सगळे देखणे, श्रीमंत, फिकट चेहऱ्याचे नायक याच घराण्यातले.

मालिकेचं दुखणं मात्र १८४५ ते १८४७ या काळात लंडनमध्ये सुरू झालं. एका पेनीला एक हप्ता या दराने ‘व्हार्नी द व्हॅम्पायर’ आठवड्यामागून आठवडे निघत राहिली. व्हार्नी मरतो, चांदणं अंगावर पडलं की उठतो, पुन्हा मरतो, पुन्हा उठतो. खप आहे तोवर चांदण्याला तोटा नव्हता. शेवटी वैतागलेला व्हार्नी स्वतःच व्हेसुव्हियसच्या मुखात उडी घेतो, तेव्हा कुठे मालिका आटोपते. नायकाला संपवायला ज्वालामुखी शोधावा लागला, यावरून लेखकाची पंचाईत कळते.

पंचाईत तीच आजही आहे. प्रेमकथेला शेवट लागतो, लग्नाचा नाहीतर ताटातुटीचा. व्हॅम्पायरला मरण नाही, म्हातारपणही नाही. मग गोष्ट लांबवायची कशी, तर दुसरा पुरुष आणून. एक थंड, एक उष्ण. एक शंभर वर्षांचा, एक शेजारचा. वेताळाचा प्रश्न उघडा ठेवायचा आणि भागावर भाग काढायचे. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, त्यांचा झुंजार आणि काळा पहाड वर्षानुवर्षं धावत राहिले, पण ‘आता बंद करा’ असा वाद काही मी ऐकलेला नाही. तिथे गुन्हेगार सापडला की त्या पुस्तकापुरतं काम झालं. कुणी कुणाची व्हायची हा प्रश्न लोंबकळत नव्हता.

वाचकांच्या आणखी एका आवडत्या तक्रारीचा इथेच निकाल लावू. ‘खरा व्हॅम्पायर उन्हात जळतो, ‘ट्वायलाइट’मधला चमकतो, म्हणून तो खोटा.’ ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीत ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनच्या रस्त्यावर दिसतो. उन्हात त्याची शक्ती कमी होते, एवढंच. उन्हाने मरायचा नियम १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटाने रूढ केला, आणि तो चित्रपट स्टोकरच्या बायकोची परवानगी न घेता काढलेला, कोर्टाने त्याच्या प्रती नष्ट करायला सांगितलेला. तेव्हा शुद्ध परंपरेचा आव कुणी आणू नये. नागपूरकरांना या वादात वेगळाच रस असतो म्हणा. मे महिन्यात सत्तेचाळीस अंशांत व्हरायटी चौकात उभा केला तर जळणं आणि चमकणं दोन्ही एकाच वेळी होईल, असं इथलं ठाम मत आहे.

व्हॅम्पायरवर जीव जडण्यात वाचक-प्रेक्षकांचा थेट हात आहे तो १९६७ पासून. अमेरिकेत दुपारी लागणाऱ्या ‘डार्क शॅडोज’ या मालिकेचे प्रेक्षक घटत होते, म्हणून बार्नबस कॉलिन्स नावाचा व्हॅम्पायर थोडे आठवडे आणून मारायचं ठरलं होतं. पत्रांचा पाऊस पडला. खलनायक नायक झाला आणि १९७१ मध्ये मालिका बंद होईपर्यंत टिकला. १९७६ मध्ये ॲन राइस या लेखिकेने आपल्या कादंबरीत व्हॅम्पायरलाच मुलाखत द्यायला बसवलं, आणि त्याचं दुःख त्याच्याच तोंडून ऐकायची वाचकांना सवय लागली. नव्वदच्या दशकात प्रेममालिकांची रांग लागली. तिथून पुढे मतं छापील पत्रांत राहिली नाहीत, लेखकाच्या दारात येऊन पडायला लागली.

या झटापटी वाचण्यासारख्या आहेत. ॲन राइसने २००४ मध्ये एका पुस्तकविक्रीच्या संकेतस्थळावर आपल्या कादंबरीला नावं ठेवणाऱ्या वाचकांना स्वतः लांबलचक, चिडून उत्तर लिहिलं. लॉरेल हॅमिल्टनची अनिता ब्लेक १९९३ मध्ये भूतपिशाच्चांचा बंदोबस्त करणारी करारी बाई म्हणून आली. दहाव्या भागाच्या सुमाराला गुन्ह्याचा तपास मागे पडला आणि शेजघर पुढे आलं. जुने वाचक कुरकुरले, तर लेखिकेने २००६ मध्ये जाहीर लिहिलं: आवडत नसेल तर नका वाचू, दुसरी पुस्तकं आहेत. मालिका तीस भागांपर्यंत गेली. शार्लेन हॅरिसने सूकी स्टॅकहाउसची गोष्ट २००१ ते २०१३ अशी तेरा भागांत सांगितली. शेवटचा भाग दुकानात यायच्या आधीच सूकी कुणाची होणार हे फुटलं, आणि व्हॅम्पायरच्या बाजूच्या वाचकांनी मागणी रद्द करण्यापासून शिव्याशापांपर्यंत सगळं केलं. बारा वर्षं सूकीसोबत काढलेल्या वाचकांना शेवटी लेखिकेचं मत पटलं नाही. मला विचाराल तर शेवट लेखिकेचाच असतो. पण दोन पुरुष समोर ठेवून बारा वर्षं ‘सांगा’ म्हणायचं आणि लोकांनी सांगितलं की दुखावून घ्यायचं, हेही काही खरं नाही.

सगळ्यांत चमत्कारिक हकिगत एल. जे. स्मिथची. ‘व्हॅम्पायर डायरीज’ तिने लिहिली १९९१ च्या सुमाराला, पण एका कंपनीच्या सांगण्यावरून, ठरीव मोबदल्यावर. पात्रांचे हक्क कंपनीकडे. वाचकांच्या आग्रहाने चौथा भाग आला. २००९ मध्ये त्यावर टीव्ही मालिका निघाली, पुस्तकं पुन्हा खपायला लागली, तिने नवे तीन भाग लिहिले, आणि २०११ मध्ये तिलाच काढून पुढचे भाग दुसऱ्यांकडून लिहून घेतले. नायिका दोन व्हॅम्पायर भावांपैकी स्टीफनची की डेमनची, या वादात ती स्वतः डेमनकडे झुकलेली होती. पुढे ॲमेझॉनने चाहत्यांना प्रसिद्ध पात्रांवर गोष्टी लिहायची रीतसर सोय करून दिली, तेव्हा २०१४ मध्ये स्मिथबाईंनी तिथे आपल्याच पात्रांवर चाहतीच्या रांगेत उभं राहून पुढची गोष्ट लिहिली.

नागपुरात हे सगळं उशिरा आणि एकदम आलं. ‘ट्वायलाइट’ २००५ ची, पण बर्डीच्या फुटपाथवर ती थप्पीने दिसायला लागली ती २००८ मध्ये पहिला चित्रपट आल्यावर. करड्या कागदावरच्या स्वस्त प्रती, मुखपृष्ठावरचं सफरचंद विटकरी पडलेलं, शाई बोटाला लागायची. भाग क्रमाने मिळण्याची खात्री नसे. एकीने तिसरा भाग आधी वाचला म्हणून तिला एडवर्डचा प्रतिस्पर्धी, लांडगा होणारा जेकबच नायक वाटला, आणि ती अजून त्याच गटात आहे. २०१० मध्ये स्टार वनवर ‘प्यार की ये एक कहानी’ सुरू झाली, अभय व्हॅम्पायर आणि पिया साधी मुलगी. इंग्रजीच्या वाटेला न जाणाऱ्या मुलीही मग वादात उतरल्या. घरोघरी आयांचं मत एकच होतं: भुताशी लग्न? नारायण धारप वाचून वाढलेली ती पिढी. धारपांच्या कथेत अमानवी शक्ती आली की ती हुसकवायची असते, तिच्या डोळ्यांचा रंग कुणी बघत बसत नाही. पिंपळावरच्या मुंज्याला टाळून चालणाऱ्यांना एडवर्डसारखा १९१८ पासून सतरा वर्षांचाच राहिलेला जावई कसा पटावा?

तेव्हाची भांडणं एडवर्ड की जेकब एवढीच होती. चौथ्या भागाने ती बिघडवली. जेकबचा जीव नायिकेच्या तान्ह्या मुलीशी जन्माचा बांधला जातो, हे जेकबवाल्यांनाही गिळता आलं नाही. शिवाय एवढी तयारी झालेली लढाई होतच नाही, सगळे बोलून घरी जातात. २०१२ च्या शेवटच्या चित्रपटात ती लढाई दाखवली, मुंडकी उडवली, आणि मग ते सगळं एडवर्डच्या बहिणीला, ॲलिसला दिसलेलं भविष्य होतं म्हणून पुसून टाकलं. बर्डीच्या थिएटरात त्या क्षणी जी ओरड झाली तिच्यात निम्मी सुटका होती आणि निम्मी शिवीगाळ.

आता त्याच वाचक पुन्हा वाचतात तेव्हा प्रश्न बदललेले असतात. रात्री खिडकीतून येऊन झोपलेल्या मुलीकडे बघत बसणारा मुलगा सतराव्या वर्षी वेडा प्रेमी वाटला होता. स्वतःला मुलगी झाल्यावर ‘पोलिसात द्यायला पाहिजे होता’ असं मत पडतं, आणि मुलीचा बाप पोलिसप्रमुखच असतो हे आठवून हसूही येतं. गडचिरोलीहून येऊन इथे नोकरी करणाऱ्या एकीने वेगळाच मुद्दा काढला. जेकबची क्विल्यूट ही खरीखुरी आदिवासी जमात आहे, वॉशिंग्टन राज्यात समुद्राकाठी राहते. लांडगा होण्याची भानगड लेखिकेने रचून त्यांच्या नावावर घातली. पुस्तकं आणि चित्रपट अमाप खपत असताना ही माणसं त्सुनामीच्या धोक्यातून उंचावर जायला जमीन मागत होती, ती देणारा कायदा २०१२ मध्ये झाला. गोंड राजा बख्त बुलंद शाहने वसवलेल्या शहरात हा मुद्दा इतका उशिरा निघावा, याचं मला नवल वाटलं. गटात बराच वेळ त्यावरच बोलणं झालं, उशाशी बसणारा एडवर्ड बाजूला पडला.

वाद पुन्हा पेटायला कारण झालं २०२० मधलं ‘मिडनाइट सन’, म्हणजे पहिलीच गोष्ट एडवर्डच्या तोंडून. तिचा अर्धा मसुदा २००८ मध्येच फुटला होता आणि लेखिकेने रागावून काम थांबवलं होतं. बारा वर्षांनी ते पुस्तक आलं ते टाळेबंदीत, सगळे घरात अडकलेले असताना. काहींना कळलं की तो गप्प असायचा तेव्हाच बरा होता, डोक्यात नुसता गोंधळ. काहींनी त्या निमित्ताने चारही भाग पुन्हा काढले आणि दुसऱ्या भागाबद्दलचं जुनं मत मागे घेतलं. २०२४ मध्ये नेटफ्लिक्सने याच पुस्तकावर ॲनिमेशन मालिका काढणार असल्याचं जाहीर केलं आहे. वाचनगटातली चौथ्या भागावर हात झटकणारी यावर म्हणाली, “कार्टूनमध्ये तरी त्याला जरा हसू द्या म्हणा.” ती बघणार आहे का, असं विचारल्यावर म्हणाली, “बघाच लागेल न, नाहीतर बोलू कशी?”