राइडिंग लॉनमोअर : कापणीत इंजिन बंद पडणे

राइडिंग लॉनमोअर म्हणजे चालकाने वर बसून चालवायचे गवतकापणी यंत्र. त्याची पाती पोटाखालच्या पत्र्याच्या घेरात, म्हणजे डेकमध्ये, आडवी फिरतात आणि पट्ट्यामार्फत त्यांना इंजिनाची गती मिळते. घरगुती यंत्रांवर बहुधा हवेने थंड होणारे चार-धावी (फोर-स्ट्रोक) पेट्रोल इंजिन असते. त्याला सिलिंडर एक, किंवा व्ही आकारात मांडलेले दोन. गव्हर्नर हा वेग आवरणारा भाग त्याचा कमाल वेग मिनिटाला सुमारे ३,६०० फेऱ्यांवर रोखून धरतो. उभ्या यंत्रात सुरळीत चालणारे हे इंजिन कापणी ऐन भरात आली की बंद पडते, जरा वेळाने सुरू होते आणि पुन्हा तेच करते. प्रस्तुत नोंद मुख्यतः या दोषाविषयी आहे.

उगम. गवतकापणी यंत्राचे पहिले पेटंट इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशर परगण्यातील स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंग याने १८३० मध्ये घेतले, याविषयी दुमत नाही. लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या गिरणीतील यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली, असे सर्वत्र सांगितले जाते. बसून चालवायचे पहिले यंत्र कोणते, हा प्रश्न मात्र व्याख्येवर अडतो. घोड्याने ओढायच्या काही यंत्रांवर हाकणाऱ्याला आसन होते. ते ग्राह्य धरले तर उगम एकोणिसाव्या शतकात जातो. जेम्स समनरचे वाफेवरचे यंत्र १८९३ चे, तर इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीचे पेट्रोल यंत्र १९०२ चे. आज घराघरांत दिसणारे रूप दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या उपनगरांत घडले. जॉन डिअर कंपनीचे ‘११०’ हे यंत्र १९६३ मध्ये बाजारात आले, तोवर हा प्रकार रुळला होता. जागच्या जागी वळणाऱ्या यंत्रांच्या जनकत्वावर दोन दावे आहेत. एक मिसूरी राज्यातील मॅक्स स्विशर यांच्या १९५०च्या दशकातील तीनचाकी यंत्राच्या बाजूने, दुसरा कॅन्ससमधील जॉन रेगियर यांच्या १९६०च्या दशकातील यंत्राच्या बाजूने. दोन हातदांड्यांनी मागची दोन चाके स्वतंत्र फिरवणे ही आजची व्याख्या प्रमाण मानली, तर रेगियर यांचा दावा अधिक बळकट वाटतो.

बंद पडण्याची रीत. निदानाचा सर्वांत मोलाचा पुरावा सुटा भाग हातात येण्याआधीच कानावर पडलेला असतो. चावी फिरवावी तसे इंजिन खटकन थांबले, तर दोष बहुधा विजेच्या बाजूचा. वेग खालीवर होत, अडखळत, दम तोडत थांबले, तर इंधनाचा. आवाज जाडसर होत, ओझ्याखाली दबत थांबले, तर भाराचा किंवा इंजिनाची ताकद घटल्याचा. हा नियम सर्वस्वी अचूक नाही, पण प्लग (ठिणगी पाडणारा), कॉइल (ठिणगीची वीज देणारे वेटोळे) आणि कार्ब्युरेटर (पेट्रोल हवेत मिसळणारा भाग) ओळीने बदलत जाण्यापेक्षा तो कितीतरी स्वस्त आहे. बंद पडण्यापूर्वी किती मिनिटे गेली, टाकी किती भरली होती आणि पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागला, या तीन नोंदी चालकाने आवर्जून ठेवाव्यात.

इंधन : टाकीची हवा की वाफेचा अडथळा? पंधरा-वीस मिनिटांनी इंजिन अडखळून थांबते आणि दहा मिनिटांच्या विश्रांतीनंतर काहीच न झाल्यासारखे चालते. या लक्षणाची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले वाफेचे : तापलेल्या नळीत पेट्रोल उकळते आणि वाफेचा बुडबुडा प्रवाह अडवतो. अमेरिकेत हिवाळी पेट्रोल मुद्दाम अधिक बाष्पनशील ठेवतात, त्यामुळे त्याचा उरलेला साठा पुढे उन्हात वापरला तर असे घडणे शक्य आहे. सायलेन्सरला खेटून गेलेल्या नळीतही ते घडते.

दुसरे स्पष्टीकरण टाकीच्या झाकणाचे. पेट्रोल खाली उतरते तशी त्याची जागा घ्यायला बाहेरून हवा यावी लागते. झाकणातले बारीक छिद्र धूळ आणि गवताच्या भुश्श्याने बुजले की टाकीत अंशतः निर्वात तयार होतो. टाकी जवळजवळ भरलेली असून वर फक्त एक लिटर हवा आहे, असे धरू. १०० मिलिलिटर पेट्रोल खर्च झाले की त्याच हवेला १.१ लिटर जागा व्यापावी लागते आणि तिचा दाब सुमारे नऊ टक्क्यांनी उतरतो. ही तूट सव्वा मीटर उंचीच्या पेट्रोल-स्तंभाइतकी भरते. पेट्रोलची वाफ ती काही अंशी भरून काढते, हे खरे. तरीही उताराने पेट्रोल पुरवणाऱ्या यंत्रांत टाकी आणि कार्ब्युरेटर यांच्या उंचीत जेमतेम वीतभर अंतर असते. क्रँककेसमधील, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतील, दाबाच्या स्पंदांवर चालणारा छोटा पंपही अशा ओढीपुढे फार टिकत नाही. यातून एक चकवणारी गोष्ट निघते. टाकी काठोकाठ भरली की यंत्र लवकर बंद पडते, अर्धी असली की उशिरा, आणि दोष बिचाऱ्या नव्या पेट्रोलवर जातो.

नोंदकर्त्याला बहुतांश प्रकरणांत दुसरे स्पष्टीकरण अधिक पटते, कारण त्याची परीक्षा क्षणात होते. यंत्र बंद पडताच, थंड होण्याची वाट न पाहता, झाकण सैल करावे. ‘सुस्स’ करून हवा आत ओढली गेली आणि इंजिन लगेच धरले, तर वाद मिटला. महाराष्ट्रात जुन्या मोटरसायकली हाताळलेल्यांना ही युक्ती नवी नाही. रस्त्यात गाडी दम तोडू लागली की पेट्रोल टाकीचे झाकण उघडून पुन्हा लावणे हा पहिला उपाय असे. अमेरिकेत २०११ च्या सुमारास बाष्प-उत्सर्जनाचे नियम कडक झाल्यापासून अनेक यंत्रांत झाकणाला छिद्रच नसते. हवा पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डबीतून नळीने येते आणि टाकी गळ्यापर्यंत भरली तर डबीत पेट्रोल शिरून ती वाट बंद होते. झाकण सैल करण्याची परीक्षा तेथेही चालते.

पाणी, इथेनॉल, डिंक. अमेरिकी पेट्रोलमध्ये बहुधा १० टक्के इथेनॉल असते. असे मिश्रण १५ अंश सेल्सिअसच्या आसपास सुमारे अर्धा टक्का पाणी, म्हणजे लिटरमागे चहाचा चमचाभर, विरघळवून ठेवते. त्यापलीकडे पाणी आणि इथेनॉल एकत्र तळाशी उतरतात. कार्ब्युरेटरची वाटी काढून पांढऱ्या बशीत ओतली, तर पेट्रोलखाली पाण्याचे थेंब पाऱ्यासारखे घरंगळताना दिसतात. यंत्र उतारावर कलंडले की तोच थेंब मुख्य जेटवर, म्हणजे पेट्रोल मापून सोडणाऱ्या बारीक नळीवर, येतो. सपाटीवर ठीक आणि चढावर बंद, ही तक्रार पुष्कळदा यातून येते. महिनोन्‌महिने उभ्या यंत्रात पेट्रोलचा चिकट डिंक होऊन जेटचे छिद्र आकसते. मोकळ्या इंजिनाला तेवढे पुरते, भार येताच पुरत नाही. १५ टक्के इथेनॉलचे पेट्रोल अशा यंत्रांत वापरायला अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची परवानगी नाही.

वीज. या इंजिनांत ठिणगी सहसा बॅटरीवर अवलंबून नसते. फ्लायव्हीलवरचे, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकावरचे, चुंबक कॉइलसमोरून जाते आणि वीज तिथेच निर्माण होते. इंजिन थांबवायचे तर कॉइलची एक तार यंत्राच्या सांगाड्याला टेकवतात. म्हणूनच या तारेचे आवरण कुठे घासले गेले, तर गचक्यासरशी इंजिन थांबते आणि कोणताही भाग बिघडलेला सापडत नाही. कॉइल तापल्यावरच निकामी होत असेल, तर वेटोळ्याचे आवरण उष्णतेने गळते असे काही म्हणतात, तर आतली तार प्रसरणाने सुटते असे काही. दोन्ही प्रकार संभवतात. दुरुस्तीच्या दृष्टीने फरक पडत नाही, कारण कॉइल अखंड बदलावी लागते. ठिणगी मात्र बंद पडल्याबरोबर तपासली पाहिजे. गार झालेली कॉइल निर्दोष ठरते.

बॅटरीचा संबंध नाही असे म्हणून थांबता येत नाही. कार्ब्युरेटरच्या वाटीखाली पुष्कळदा विजेवर उघडणारी इंधन-झडप असते, आणि पाती जोडणारा विद्युत क्लच सतत काही अँपिअर प्रवाह खातो. बॅटरी आणि तिला भारित करणारी वेटोळी दोन्ही दुबळी असतील, तर पाती चालू असताना व्होल्टता घसरत जाते, झडप मिटते आणि ठिणगी उत्तम असूनही इंजिन उपाशी राहते. लक्षण इंधनाचे, मूळ विजेत. म्हणून पाती जोडलेल्या स्थितीत बॅटरीची व्होल्टता मोजणे ही तपासणी कधीही वगळू नये.

आसनाखालचा स्विच. पाती फिरत असताना चालक उठला तर इंजिन किंवा पाती थांबलीच पाहिजेत. अमेरिकी मानकानुसार पाती पाच सेकंदांत स्थिर व्हावी लागतात. आसनाची स्प्रिंग ढिली झाली किंवा चालक वजनाने हलका असला, तर खाचखळग्यांत स्विच क्षणभर उघडतो आणि इंजिन खटकन थांबते. हा स्विच निकामी करून त्याच्या तारा कायमच्या जोडून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो कोणीही मानू नये. चालक खाली पडला, तर त्याच्या आणि पात्याच्या मध्ये दुसरे काहीच उरत नाही.

भार आणि उष्णता. ओले, उंच गवत एकाच फेरीत कापल्यास डेकच्या आत लगदा थापला जातो आणि पाती जड होतात. बोथट पाती, जाम झालेले बेअरिंग किंवा घसरणारा पट्टा हेच करतात. स्पार्क प्लगची तार काढून पाते हाताने फिरवून पाहावे. ते सहज फिरायला हवे. पंख्याच्या आवरणाखाली, सिलिंडर थंड करणाऱ्या पत्र्यांमध्ये गवताचा भुसा आणि कधी उंदराचे घरटे सापडते. मग इंजिन तापते, झडपांमधील अंतर बिघडते आणि गरम असताना सिलिंडरमधला दाब उतरतो. इंजिन वाचवण्यासाठी अर्ध्या वेगावर कापणी करण्याची सवय घातक आहे, कारण गार करणारा पंखा फ्लायव्हीलवरच बसवलेला असतो आणि वेगाबरोबर वाराही घटतो.

भारतात. घरगुती राइडिंग मोअर भारतात तुरळक आहे. गोल्फ मैदाने आणि क्रिकेटची मोठी मैदाने यांवर ती दिसतात. त्यांतील अनेक डिझेलवर चालत असल्याने वरील प्रज्वलनाचा भाग त्यांना लागू नाही; तेथे इंधननळीत शिरलेली हवा आणि तुंबलेला फिल्टर ही प्रमुख कारणे. पेट्रोल यंत्रांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. २०२५ पर्यंत भारतात २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र पोहोचले आहे, तर आयात यंत्रांच्या पुस्तिकांत मर्यादा बहुधा १० टक्क्यांची दिलेली असते. जेटचे छिद्र ठरावीक असल्यामुळे इथेनॉल वाढले की मिश्रण विरळ होते आणि भाराखाली इंजिन अडखळते. पावसाळ्यानंतर यंत्र बाहेर काढताना टाकी आणि कार्ब्युरेटरची वाटी दोन्ही रिकामी करून ताजे पेट्रोल भरावे.