व्होल्टमीटर-अ‍ॅमीटर पद्धत

विद्युत मंडलातील घटकाच्या टोकांमधला दाब (व्होल्टेज) व्होल्टमीटरने व त्यातून वाहणारा प्रवाह अ‍ॅमीटरने एकाच वेळी मोजून घटकाचा रोध आणि त्यात खर्च होणारी शक्ती काढण्याची पद्धत. दाबाला प्रवाहाने भागले की रोध ओहममध्ये मिळतो. दोहोंचा गुणाकार म्हणजे वॅटमधील शक्ती. १२ व्होल्टला २ अँपिअर घेणाऱ्या तारेचा रोध ६ ओहम, शक्ती २४ वॅट. व्हीटस्टन सेतू (अज्ञात रोध ज्ञात रोधांशी तोलून मोजणारे मंडल) अधिक अचूक असला, तरी तो रोध अत्यल्प प्रवाहावर मोजतो. ही पद्धत प्रत्यक्ष कामाच्या प्रवाहावर आणि त्या वेळच्या तापमानाला असलेला रोध देते. कारखान्यांत ती टिकून आहे ती यामुळेच.

यामागचा नियम (प्रवाह दाबाच्या प्रमाणात असतो) गेओर्ग सिमॉन ओहम (१७८९–१८५४) यांच्या नावाने ओळखला जात असला, तरी त्याचे श्रेय आणि वर्ष दोन्हींबाबत मतभेद आहेत. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७८१ च्या सुमारास मिठाच्या द्रावणाने भरलेल्या काचनळ्यांतून लेडन पात्रांचा (विद्युत भार साठवणाऱ्या काचपात्रांचा) विसर्ग स्वतःच्या शरीरात घेऊन, धक्क्याच्या तीव्रतेवरून तुलना केली व जवळपास याच निष्कर्षाला ते पोचले. त्यांच्या नोंदी मॅक्सवेल यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केल्या. तोवर पुढच्या कुणा संशोधकाला त्यांचा उपयोग झालेला दिसत नाही. ओहम यांच्या १८२५ च्या निबंधातील सूत्र लॉगरिथमी होते आणि चुकीचे होते. त्यांच्या रासायनिक विद्युत घटाचा दाब प्रयोग चालू असतानाच ढासळत असे, हे त्याचे मुख्य कारण. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी बिस्मथ-तांब्याचे तपयुग्म (दोन धातूंच्या सांध्यांतील तापमानफरकातून दाब देणारी जोडी) घेतले. त्याचा एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा वितळत्या बर्फात ठेवल्याने दाब स्थिर राहिला, आणि वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा जोडून १८२६ मध्ये योग्य सूत्र हाती आले. तारेच्या रोधाबरोबर उगमाचा अंतर्गत रोधही त्यात धरलेला होता. नियमाचे वर्ष बहुधा १८२७ दिले जाते, पण ते सैद्धांतिक ग्रंथाचे वर्ष आहे; प्रायोगिक शोधासाठी १८२६ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. शक्तीचा भाग मात्र ओहम यांचा नाही. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात निर्माण होते, हे जूल यांनी १८४०–४१ च्या सुमारास आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे लेंझ यांनी त्यानंतर लवकरच दाखवले.

दोन्ही मीटर एकाच वेळी खरे बोलू शकत नाहीत, ही या पद्धतीतली मूळ अडचण. व्होल्टमीटर थेट घटकावर समांतर जोडला, तर अ‍ॅमीटर घटकाबरोबर व्होल्टमीटरचाही प्रवाह मोजतो आणि रोध खऱ्यापेक्षा कमी येतो. व्होल्टमीटर अ‍ॅमीटरच्या अलीकडे, म्हणजे पुरवठ्याच्या बाजूला जोडला, तर अ‍ॅमीटरचा रोध घटकाच्या रोधात मिळतो. कोणती जोडणी घ्यावी, हे दोन्ही मीटरांच्या रोधांच्या गुणाकाराच्या वर्गमूळावरून ठरते. घटकाचा रोध त्याहून कमी असल्यास पहिली, जास्त असल्यास दुसरी. दर व्होल्टला १,००० ओहम रोधाचा ०–१० व्होल्टचा काट्याचा मीटर १०,००० ओहमचा असतो. १०,००० ओहमच्याच रोधकावर तो थेट लावून १० व्होल्ट दिले, तर अ‍ॅमीटर १ ऐवजी २ मिलिअँपिअर दाखवतो आणि भागाकार ५,००० ओहम येतो. व्होल्टमीटरचा १ मिलिअँपिअर वजा केला की उत्तर जुळते. डिजिटल मल्टिमीटरचा दाब मोजतानाचा रोध सामान्यतः १० मेगओहम असल्याने ही चूक एरवी जाणवत नाही, पण मेगओहमच्या रोधकावर ती डोके वर काढते. अचूकतेच्या वर्ग १ मधल्या काट्याच्या मीटरची चूक पूर्ण मापाच्या १ टक्क्यापर्यंत असते. म्हणजे १० व्होल्टच्या मापावर २ व्होल्ट वाचले, तर त्या वाचनात ५ टक्क्यांपर्यंत चूक असू शकते. म्हणून काटा मापाच्या वरच्या भागात येईल असे माप निवडतात. अ‍ॅमीटर चुकून समांतर जोडला गेला, तर तो जवळजवळ शॉर्टसर्किटच असतो आणि फ्यूज तरी उडतो किंवा मीटर तरी जळतो.

रोध तापमानाने बदलतो. २३० व्होल्टच्या १०० वॅट तंतुदीपाचा (तारेच्या बल्बचा) पेटलेल्या अवस्थेतला रोध ५२९ ओहम असतो. थंड दिवा मल्टिमीटरने तपासला तर चाळीसेक ओहमच भरतात. त्या आकड्यावरून शक्ती काढली तर ती तेराशे वॅटच्या वर जाते, आणि नवशिके इथेच फसतात. दिव्याला ओहम यांचा नियम लागू नाही असे काही पुस्तके म्हणतात. दाब भागिले प्रवाह ही रोधाची व्याख्या तिथेही चालते. चालत नाही ते हे गुणोत्तर स्थिर असल्याचे विधान. गीझरच्या नायक्रोम तारेत हा बदल थोडा असतो. २,००० वॅटचा गीझर २३० व्होल्टला ८.७ अँपिअर घेतो. दाब १९० वर उतरला की त्याची शक्ती १,३६५ वॅटच्या आसपास येते, कारण ती दाबाच्या वर्गाप्रमाणे घटते.

प्रत्यावर्ती प्रवाहावर (एसी) दाब व प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे वॅट नव्हे, व्होल्ट-अँपिअर. तांब्याच्या चोकची ४० वॅटची ट्यूबलाइट सुमारे ०.४३ अँपिअर घेते, म्हणजे ९९ व्होल्ट-अँपिअर. खरा खर्च मात्र चोकसह पन्नासेक वॅट. भागाकारही रोध देत नाही, संरोध (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण विरोध) देतो.

मोटर वा ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीचा रोध त्यामुळे एकदिश प्रवाहावर (डीसी) घेतात. रोध लहान असेल तर प्रवाहाच्या दोन तारा आणि दाबाच्या दोन तारा वेगळ्या जोडतात, म्हणजे सांध्यांचा रोध वाचनात येत नाही. प्रवाहाची दिशा उलटवून दोन्ही उत्तरांची सरासरी घेतली की सांध्यांतील औष्णिक दाबही (तापमानफरकाने निर्माण होणारा) निघून जातो. २० अंश सेल्सिअसला मोजलेला तांब्याच्या गुंडाळीचा रोध ७५ अंशांना सुमारे २१.६ टक्के वाढतो. याच वाढीवरून चालू यंत्राच्या गुंडाळीचे तापमान काढतात. वाचन संपल्यावर आधी व्होल्टमीटर सोडवायचा आणि मगच पुरवठा तोडायचा, कारण प्रवाह एकदम तुटला की गुंडाळीत उसळणारा दाब मीटर निकामी करू शकतो.