पांढरी मुळी (द्राक्षवेल)

पांढरी मुळी : द्राक्षवेलीच्या मुळांची नुकती फुटलेली, कोवळी टोके. नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी, चांदवड, सटाणा या पट्ट्यातला बागायतदार तिच्याबद्दल एकवचनातच बोलतो. ‘मुळी चालली’, ‘मुळी थांबली’, ‘मुळी काळी पडली’ एवढ्यावर वेलीच्या खाण्यापिण्याचा हिशेब पुरा होतो. टोकापासून काही सेंटिमीटरपर्यंतच हा रंग टिकतो. त्यामागच्या भागावर बुचासारखा थर चढतो आणि मूळ तपकिरी होते. तपकिरी मूळ वेलीला धरून ठेवते, अन्नसाठा करते, थोडेफार पाणीही घेते. कॅल्शियम आणि लोह मात्र मुख्यतः टोकाकडच्या भागातूनच आत शिरतात. कॅल्शियम पेशींच्या भिंतींमधून सरकत जाते, आणि मूळ जून झाले की ती वाट बंद होते. म्हणून जमिनीत चुना ढिगाने असूनही मण्यात कॅल्शियम कमी पडू शकते.

मातीत अन्न असणे आणि ते मुळापर्यंत पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नायट्रेट, कॅल्शियम व मॅग्नेशियम बहुतांशी पाण्याच्या ओढीबरोबर येतात. पाने जितके पाणी उडवतात, तितके ते मुळाकडे ओढले जाते. स्फुरद (फॉस्फरस) व पालाश (पोटॅशियम) यांना मात्र मातीच्या ओलाव्यातून स्वतः सरकत यावे लागते. या दोन वाटांचा वेगवेगळा हिशेब स्टॅन्ली बार्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात मांडला. स्फुरदाची धाव अगदी तोकडी. मुळाभोवतीचा जेमतेम मिलिमीटरभर पट्टा रिकामा झाला की त्यापलीकडचा साठा मुळाला नसल्यासारखाच. पालाश काही मिलिमीटरवरून येतो. जुने मूळ जागच्या जागी उपाशी राहते ते यामुळे, आणि नवी मुळी सतत पुढे सरकत राहावी लागते तीही यामुळेच. मायकोरायझा बुरशीचे तंतू मुळापासून काही सेंटिमीटर पुढे जाऊन स्फुरद आणतात, आणि द्राक्षवेल या बुरशीवर बरीच विसंबून असते. स्फुरदयुक्त खतांचा भडिमार केला की ही भागीदारी ढिली पडते. बुरशीचे पाकीटही टाकायचे आणि वरून ०:५२:३४ व १२:६१:० ही स्फुरदाची खते चालूच ठेवायची, हा उलटसुलट कारभार बऱ्याच बागांत दिसतो.

मुळाभोवतीच्या या पट्ट्याला लोरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ साली ‘रायझोस्फिअर’ हे नाव दिले. तिथला सामू (pH) बाकीच्या मातीपेक्षा दोन अंकांपर्यंत वेगळा असू शकतो. मूळ अमोनियम घेते तेव्हा बदल्यात हायड्रोजन आयन सोडते आणि शेजारची माती आंबट होते. नायट्रेट घेताना उलट घडते. हे डोळ्यांनी पाहता येते. ०.७५ टक्के अगरच्या द्रावणात ०.००६ टक्के ब्रोमोक्रेसॉल पर्पल मिसळून सामू ६ वर आणतात. द्रावण ४० अंश सेल्सिअसच्या खाली उतरले की धुतलेल्या जिवंत मुळांवर त्याचा पातळ थर ओततात. जिथे मूळ आम्ल सोडते तिथे थर पिवळा होतो, उलट क्रिया चालू असेल तिथे जांभळा होतो. मूळ एकच, पण टोक पिवळे आणि मागचा भाग जांभळा असेही चित्र उमटते. द्रावण जास्त गरम ओतले तर मूळ भाजते आणि प्रयोग वाया जातो.

लोह आणि चुनखडी : नाशिकची काळी माती बेसॉल्ट खडकापासून झालेली असल्याने तिच्यात लोहाला तोटा नाही. तरीही चुनखडीच्या रानात, सामू ८ च्या आसपास असला की शेंड्याची पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. सामू एका अंकाने वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घटते. द्राक्षवेल यावर दोन उपाय करते. मुळीतून आम्ल सोडते आणि मुळीच्या पृष्ठभागावर फेरिक लोहाचे सहज विरघळणाऱ्या फेरस रूपात रूपांतर करून ते आत घेते. गव्हाची तऱ्हा निराळी. गवत कुळातली पिके लोहाला पकडून आणणारी खास संयुगे मुळांतून सोडतात, म्हणून बांधाला लागून असलेला गहू हिरवा आणि वेल पिवळी असे दृश्य एकाच मातीत दिसते. पिकांच्या या दोन तऱ्हा होहेनहाइम विद्यापीठातील फोल्कर र्‍योमहेल्ड आणि होर्स्ट मार्शनर यांनी १९८६ मध्ये वेगळ्या करून दाखवल्या.

वेलीच्या उपायावर पाणी फिरवते ते बायकार्बोनेट. भारी जमिनीत पाणी जास्त झाले, किंवा फळछाटणीनंतर (ऑक्टोबरच्या सुमाराची छाटणी) पाऊस चालूच राहिला, की मातीतल्या पोकळ्या भरतात आणि मुळांच्या श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड कोंडतो. तो चुन्याशी मिळून बायकार्बोनेट तयार करतो, आणि मुळीने सोडलेले आम्ल तिथल्या तिथे संपते. पिवळी पाने दिसताच लोहाचे खत आणायला धावण्याआधी पाणी तोडावे, वाफसा (ओल आणि हवा दोन्ही असलेली मातीची स्थिती) येऊ द्यावा. अशा पानांचे साधे परीक्षण फसवते. पिवळ्या पानातले एकूण लोह हिरव्या पानाइतके, कधी त्याहून जास्तही भरते, पण ते कामाचे उरलेले नसते. म्हणून ताज्या पानातले क्रियाशील लोह ऑर्थो-फिनॅन्थ्रोलीन या रसायनाने मोजतात.

कोणते लोह द्यायचे हे सामूवर ठरते. चिलेट म्हणजे लोहाला धरून विरघळलेले ठेवणारे संयुग. ईडीटीए चिलेट ६.५ च्या वर टिकत नाही, डीटीपीए ७.५ पर्यंत धरते. चुनखडीत जमिनीतून द्यायचे तर ईडीडीएचए हेच चिलेट घ्यावे. ते महाग आहे, पण ड्रीपमधून ईडीटीए सोडणे म्हणजे पैसे चुन्यात पुरणे. हिराकस (फेरस सल्फेट) मातीवर नुसते फेकले तर काही दिवसांतच गंजासारखे निरुपयोगी होते. कुजलेल्या शेणखतात मुरवून मुळीजवळ दिले तर थोडे टिकते. ०.५ टक्क्याची फवारणी पाने हिरवी करते, मात्र पुढची नवी पाने पुन्हा पिवळीच येतात.

गंधक टाकून जमीन ‘सुधारण्याच्या’ कल्पनेचा एकदा हिशेब करून पाहावा. एकरभर जमिनीच्या वरच्या १५ सेंमी थरात सुमारे ९ लाख किलो माती असते. चुनखडी १० टक्के असेल तर चुना झाला ९० टन. तो संपवायला २९ टनांच्या आसपास गंधक लागेल. ५० किलोच्या गोणीने अख्ख्या रानाचा सामू हलणार नाही. तीच गोणी ड्रिपरखालच्या पट्ट्यात शेणखतासोबत दिली तर मात्र तेवढ्या जागेपुरते काम होते. गंधकाचे आम्ल जिवाणू करतात. त्यांना ओल, हवा आणि काही आठवड्यांचा वेळ हवा, त्यामुळे आज टाकून परवा फरक शोधू नये.

खुंट : ज्या मुळांच्या वेलीवर द्राक्षाचे कलम करतात तो खुंट. नाशिकमध्ये बहुसंख्य बागा डॉगरिज खुंटावर आहेत, त्याखालोखाल ११० आर. डॉगरिज जोमदार, पाण्याच्या ताणाला टिकणारा. खाऱ्या पाण्याच्या बागांत मात्र या खुंटावरच्या वेलींत काही वर्षांनी सोडियम साठत गेल्याचे आणि पालाश मागे पडल्याचे आढळले आहे. ११० आर सोडियमला अधिक अडवतो. लक्षण जुन्या पानांवर दिसते, कडा करपून आत वळतात. शेंडा पिवळा तर लोह, खालची पाने कडेने करपलेली तर पालाश-सोडियम, एवढी खूणगाठ बांधली तरी चुकीच्या फवारण्या निम्म्याने कमी होतील. सोडियमच्या जमिनीत चुनखडी असेल तर जिप्समऐवजी गंधक सोयीचे, कारण लागणारे कॅल्शियम मातीतच आहे. चुनखडी नसेल तर जिप्समच हवे. कॅल्शियम मोकळे करण्याच्या दृष्टीने १ किलो गंधक साधारण ५.४ किलो जिप्समच्या तोडीचे.

मुळी पाहणे : खोडापासून फूटभर अंतरावर, ड्रिपरच्या ओल्या वर्तुळाच्या कडेला, बोद (वेलींच्या ओळीतला मातीचा उंचवटा) १५ ते २० सेंमी उकरावा. खुरपे हलके चालवावे, झटका दिला की पांढरी टोके तुटून मातीतच राहतात आणि मुळी नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. मूठभर माती दाबावी. गोळा झाला आणि बोटाने ढकलताच फुटला तर वाफसा आहे, बोटांना चिकटला तर पाणी जास्त. काळी, साल सुटणारी, आंबूस वासाची मुळी म्हणजे हवा कोंडली आहे. टोके तपकिरी, आखूड आणि झाडूसारखी झाली असतील तर खताची तीव्रता तपासावी.

ड्रीपमधून खत देताना आधी नुसते पाणी, मग खत, शेवटी नळ्या धुण्यापुरते पुन्हा पाणी. शेवटचे पाणी तासभर चालले तर नायट्रेट मुळीच्या खाली निघून जाते. कॅल्शियम नायट्रेट एका टाकीत स्फुरद किंवा सल्फेटच्या खताबरोबर मिसळू नये. पांढरा साका बसतो आणि ड्रिपर बंद पडतात.

पानदेठ परीक्षण : माती काय ठेवून आहे हे माती परीक्षण सांगते. मुळीने काय उचलले हे पानाच्या देठात कळते. खरड छाटणीनंतर (एप्रिलच्या सुमाराची छाटणी) सुमारे ४५ दिवसांनी, काडीत घडनिर्मिती चालू असताना, काडीच्या तळाकडून पाचव्या पानाचा देठ घेतात. फळछाटणीनंतर फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा. पाते तिथेच खुडून टाकायचे, नाहीतर अन्नद्रव्ये देठातून पात्यात सरकतात. एका सारख्या प्लॉटमधून शंभरेक देठ लागतात, आणि पिवळ्या व हिरव्या वेलींचे नमुने कधीही एकत्र करू नयेत. देठ सौम्य साबणाचे पाणी, ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ऊर्ध्वपातित पाणी अशा क्रमाने भराभर धुऊन ६५ ते ७० अंशांवर वाळवतात. आदल्या दिवशी जस्त किंवा लोहाची फवारणी झाली असेल तर धुऊनही आकडा फुगलेला येतो. फुलोऱ्यातील देठात पालाश १.५ टक्क्यांच्या खाली असेल तर पुढे मणी भरताना ओढाताण होणार हे धरून चालावे. सोडियम ०.५ टक्क्यांवर गेले की पाने करपायला लागतात.

थंडी आणि मुळी : डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरतो तेव्हा बोदही गार पडतो, मुळीची वाढ मंदावते आणि स्फुरदाचे सरकणे आणखी संथ होते. नेमक्या याच सुमारास अनेक बागांत मण्यात पाणी उतरू लागते. पानांनी बनवलेली साखर घडाकडे वळते आणि मुळीच्या वाट्याला थोडीच उरते. मणी फुगवण्यासाठी पालाशाचे डोस या टप्प्यावर दुप्पट करण्याची पद्धत आहे, पण मुळीच थांबलेली असल्याने त्यातला बराच भाग बोदात क्षार म्हणून पडून राहतो. पालाश काडीत आधीच भरलेला हवा, म्हणजे खरड छाटणीनंतरच्या महिन्यांत आणि पुढे फुलोऱ्यापर्यंत, मुळी चालू असताना दिलेला.