प्रवासी ट्रेलर ओढणे

राहण्याची सोय असलेली पण स्वतःचे इंजिन नसलेली गाडी मोटारीच्या मागे जोडून रस्त्याने नेणे. बिछाने, छोटा ओटा, पाण्याची टाकी, कधी शौचालय असे सगळे एका पेटीत बसवलेले असते आणि ती पेटी एका किंवा दोन आसांवर तोललेली असते. भारतात इंजिनाची कॅरव्हॅन लोकांच्या ओळखीची आहे, मागून ओढायचा ट्रेलर अजून विरळा. गोव्यात १९६०-७०च्या दशकांत युरोपातून रस्त्याने आलेल्या प्रवाशांच्या राहत्या गाड्या हणजूण-हरमलकडच्या लोकांनी पाहिल्या, पण त्याही बहुतेक इंजिनाच्याच. त्यामुळे ट्रेलर ओढण्याचे कसब इथे शेजाऱ्याकडून शिकायला मिळत नाही. नवख्याला ते मुळापासून शिकावे लागते.

यातले मुख्य तत्त्व मात्र बैलगाडी हाकणाऱ्याला सांगावे लागणार नाही. ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. उलाळ ट्रेलरही असाच मोटारीचा मागचा भाग उचलू पाहतो. मागच्या टायरांची रस्त्यावरची पकड कमी होते आणि ठरावीक वेगाच्या वर ट्रेलरची शेपटी डावी-उजवीकडे झुलू लागते. पुढे भार फार झाला तर मोटारीचे नाक वर येते, स्टिअरिंग हलके पडते. म्हणून जड सामान आसाच्या वर, जमिनीलगत आणि किंचित पुढे ठेवावे. ट्रेलरची पुढची दांडी मोटारीच्या मागे बसवलेल्या लोखंडी गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, जोडली जाते. या बॉलवर येणारा भार अमेरिकेत ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के धरतात. युरोपात ५ ते ७ टक्के पुरेसा मानतात, कारण तिथे मोटारी हलक्या आणि कॅरव्हॅनचा वेग कमी. म्हणजे ९०० किलोच्या ट्रेलरचा भार एका हिशेबाने ९० ते १३५ किलो, दुसऱ्याने ४५ ते ६३. मोटार, जोड आणि ट्रेलर यांच्या उत्पादकांनी दिलेल्या मर्यादांपैकी जी सर्वांत लहान, ती शेवटची. भार मोजायला खास यंत्र लागत नाही. सपाट जागी ट्रेलरची दांडी जोडाच्या उंचीच्या लाकडी ठोकळ्यावर टेकवून ठोकळ्याखाली वजनकाटा ठेवला की आकडा कळतो.

वजनाचा अंदाज नवख्याचा हमखास चुकतो तो पाण्यात आणि गॅसमध्ये. ६० लिटरची टाकी भरली की ६० किलो वाढले, आणि टाकी मागे असेल तर तोलही गेला. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असतो, पण लोखंडासकट भरलेला सिलिंडर सुमारे ३० किलोचा होतो. पाणी मुक्कामी भरावे. सिलिंडर उभा बांधून, झडप बंद करूनच निघावे. ब्रिटनमधील कॅरव्हॅनवाले नवख्याला सांगतात की भरलेला ट्रेलर मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड नसावा. गोव्याच्या चढउतारांना हा सल्ला तंतोतंत पाळण्याजोगा आहे.

जोडणी घाईत करू नये. बॉलवर जोड बसून खटका लागला की पुढचे छोटे चाक फिरवून दांडी थोडी वर उचलावी. तिच्याबरोबर मोटारीची पाठही उचलली गेली, तर जोड पक्का आहे. सुरक्षा साखळ्या दांडीखाली एकमेकींना छेदून अडकवतात, म्हणजे जोड सुटला तरी दांडी रस्त्यावर न रुतता साखळ्यांच्या झोळीत राहते. जोड तुटल्यास ट्रेलरचा ब्रेक आपोआप लावणारी तार वेगळी असते, तीही अडकवावी. मग दिवे, इंडिकेटर, ब्रेकचा दिवा दुसऱ्या माणसाला मागे उभे करून पाहावेत. ट्रेलर सोडवताना आधी चाकांखाली ठोकळे, मग बाकी सगळे.

मागे घेणे हा शिकण्याचा सर्वांत अवघड भाग आहे, आणि तो रिकाम्या मैदानातच शिकावा. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरावा. ट्रेलरची शेपटी ज्या बाजूला हवी त्या बाजूला हात न्यावा. हालचाल थोडी आणि संथ हवी. ट्रेलर आणि मोटार कात्रीसारखी मिटू लागली तर पुढे येऊन सरळ करावे, मागेच रेटत बसू नये. खुणेला नारळाची सोडणे मांडली की चाक वर गेले तरी काही बिघडत नाही. असे दोन-चार दिवस केल्याशिवाय ट्रेलर गावात नेणे इतरांवर अन्याय आहे.

कारण गोव्यातल्या गावांतले रस्ते. वळणावर ट्रेलरची चाके मोटारीच्या चाकांपेक्षा आत कापतात आणि आत चिऱ्यांचा गडगा उभा असतो. त्यामुळे वळण उशिरा आणि मोठे घ्यावे. माड-फणसाच्या झुकलेल्या फांद्या आणि विजेच्या तारा यांकडे लक्ष ठेवायला सोबतचा माणूस लागतो. समोरून कदंबची, म्हणजे गोव्याची सरकारी, बस आली तर मागे घेण्याची पाळी आपल्यावर येऊ नये, म्हणून वाट आधीच पायी किंवा दुचाकीवरून पाहून यावी. शुक्रवारी म्हापशाच्या आठवडी बाजाराकडे ट्रेलर नेऊ नये. फेरीबोटीचा उतार भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो, ओहोटीला तो जास्त तिरका होऊन ट्रेलरची शेपटी घासू शकते. दिवाडी बेटावर जायचे तर ट्रेलर अलीकडच्या तीरावरच ठेवून जाणे उत्तम. किनाऱ्यावरील वाळूत गाडी नेण्यास गोव्यात बंदीच आहे.

चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना ट्रेलर मोटारीला मागून ढकलत असतो. ब्रेकवर पाय ठेवून उतरत राहिले तर ब्रेक तापून निकामी होतात. ज्या गिअरमध्ये घाट चढता येतो त्यातच उतरावे आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधी टाकावा. मांडवीवरच्या अटल सेतूसारख्या उघड्या पुलावर आडवा वारा लागतो, शेजारून ट्रक गेला की हवेचा झोत ट्रेलरला आधी ढकलतो आणि मग ओढतो. झुलणे सुरू झाले तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंग सरळ धरावे, जोरात ब्रेक दाबू नये. वेग वाढवून सरळ होईल ही समजूत जीवघेणी आहे. ट्रेलरचे विद्युत ब्रेक हाताने लावण्याची सोय असेल तर तेवढेच लावावेत. मग थांबून सामान पुन्हा लावावे, कारण दोष बहुधा तिथेच असतो.

१९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार ट्रेलरचीही नोंदणी करावी लागते. चालत्या ट्रेलरमध्ये कोणालाही बसवू नये, झोपलेले मूल तर नाहीच.

पावसाळाभर उभा राहिलेला ट्रेलर चतुर्थीनंतर बाहेर काढताना टायरांच्या बाजूंना चिरा पाहाव्यात. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने जातात, वरची नक्षी नवी दिसत असली तरी. खाऱ्या हवेने दिव्यांच्या प्लगमधली पितळी टोके हिरवी पडलेली असतात, ती घासून, बॉलला ग्रीस लावून आणि टायर थंड असतानाच हवा भरून मगच दांडी उचलावी.