लांब नळीच्या रिव्हॉल्व्हरचे होल्स्टर

शिकारीच्या वेळी रिव्हॉल्व्हर अंगावर वागवण्यासाठी असलेले चामड्याचे, जाड नायलॉन कापडाचे किंवा थर्मोप्लास्टिकचे कवच. या नोंदीत ६ इंच (सुमारे १५ सेंमी) किंवा त्याहून लांब नळीच्या रिव्हॉल्व्हरसाठी दिवसभर सोसवेल असे होल्स्टर कसे निवडावे, याचा विचार केला आहे. ही पद्धत मुख्यतः अमेरिकेतली आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे.

१८४७ च्या कोल्ट वॉकर रिव्हॉल्व्हरची नळी ९ इंचांची आणि वजन दोन किलोंच्या आसपास होते. असे हत्यार कमरेला नव्हे, खोगिराच्या पुढच्या बाजूला लटकवलेल्या होल्स्टरमध्ये नेले जाई. पुढे १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम आणि १९५५-५६ च्या सुमारास .४४ मॅग्नम काडतूस आले. त्यामुळे हरीण, रानडुक्कर, काळे अस्वल यांची शिकार रिव्हॉल्व्हरने करणे शक्य झाले. लांब नळीत गोळीला वेग जास्त मिळतो आणि नेम धरण्यासाठी नळीवर असलेल्या पुढच्या-मागच्या खुणांतले अंतर वाढल्याने नेमही अधिक अचूक धरता येतो. पण माणूस आता खोगिरावर नसून पायी चालतो, झाडावरच्या मचाणावर चढतो, गाडीत बसतो. साडेसात इंची नळीचा रुगर सुपर रेडहॉक सुमारे १३ इंच लांब आणि दीड किलो वजनाचा असतो. सहा काडतुसांचे साधारण दीडशे ग्रॅम वेगळे. होल्स्टरचा खरा प्रश्न वजनाचा कमी आणि लांबीचा जास्त आहे : माणूस बसला, वाकला, गुडघ्यावर आला की नळीचे टोक कुठे जाते, यावर सगळे ठरते.

उजव्या हाताच्या माणसाने उजव्या कमरेला सरळ लावलेले होल्स्टर उभ्याने चालताना चांगले वाटते. खुर्चीत किंवा गाडीत बसताच नळीचे टोक आसनाला टेकते, होल्स्टर वर ढकलले जाते आणि मूठ बरगडीत घुसते. शिवाय नळी होल्स्टरच्या तोंडाबाहेर यायची तर हात जवळजवळ काखेपर्यंत वर न्यावा लागतो, आणि जाड जाकिटात तेवढी मोकळीक नसते. पाठपिशवीचा कमरपट्टा नेमका त्याच जागी येतो. होल्स्टर मांडीपर्यंत खाली उतरवले तर उपसणे सोपे होते, पण प्रत्येक पावलाला ते झुलते आणि चढावर पाय जड होतो. कमरेलाच लावायचे असेल तर पट्टा दीड ते पावणेदोन इंच रुंद, दुपदरी आणि न मुडपणारा हवा. महागडे होल्स्टर आणि मऊ पट्टा ही जोडी हमखास निराश करते, कारण वजन होल्स्टर नव्हे तर पट्टा पेलतो.

डाव्या बाजूला, मूठ पुढे करून तिरके लावलेले आडवे होल्स्टर बसणाऱ्यासाठी बरे. नळी मांडीला समांतर राहते आणि स्टिअरिंगमागे बसूनही मूठ हाती येते. मात्र हत्यार बाहेर काढताना नळी शेजारी उभ्या असलेल्या माणसावरून फिरू शकते, म्हणून गटात शिकार करणाऱ्यांनी हे जपून वापरावे. काखेतले उभे होल्स्टर पावसापासून आडोसा देते, पण सगळा भार एका खांद्यावर येतो, घाम धरतो, आणि उपसताना डावा दंड नळीच्या वाटेत येतो.

लांब नळीला सर्वांत मानवते ते छातीवरचे होल्स्टर, आणि अलास्कात ते लोकप्रिय आहे ते उगाच नव्हे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी रणगाडा-सैनिकांच्या अंगावर दिसणाऱ्या होल्स्टरशी त्याचे नाते आहे. मूठ छातीच्या हाडाजवळ येते, नळी डाव्या बरगड्यांवरून तिरकी खाली जाते. एक रुंद पट्टा खांद्यावरून आणि दुसरा पाठीमागून बरगड्यांभोवती फिरतो. कमर पूर्ण मोकळी राहते. कमरेएवढ्या पाण्यात उतरले तरी हत्यार कोरडे राहते, आणि बसल्यावर नळी कशालाच टेकत नाही. आधी होल्स्टर आणि त्यावर पाठपिशवी असा क्रम ठेवावा, म्हणजे पिशवी उतरवली तरी रिव्हॉल्व्हर अंगावर राहते. बकल पिशवीच्या पट्ट्याखाली आले तर तासाभरात खांदा काचतो. ते पुढे किंवा बगलेकडे सरकवावे. खांद्याचा पट्टा मानेला घासू नये. गळ्यातली दुर्बीण आणि मचाणावरचा सुरक्षापट्टा यांच्याशी या होल्स्टरची अडचण होते, आणि पोटावर सरपटायचे असेल तर ते नकोच. साडेनऊ इंची नळी आडवी धरली तर तिचे टोक डाव्या कोपराला लागते. उभी केली तर बसताना मांडीला. एवढ्या लांबीला छातीची सोय संपत येते.

रिव्हॉल्व्हरवर दुर्बीण बसवली असेल तर साचेबद्ध होल्स्टर उपयोगी पडत नाही. त्यासाठी खांद्यावरून तिरक्या जाणाऱ्या रुंद पट्ट्याचे, वरून झाकण असलेले मोठे होल्स्टर घ्यावे आणि त्याचे खालचे टोक कमरपट्ट्याला बांधावे, नाहीतर वाकताना ते पुढे लोंबते.

चामडे वनस्पतिजन्य कषायांनी कमावलेले, सुमारे ३ ते ३.५ मिमी जाडीचे असावे. क्रोमने कमावलेले चामडे मऊ असते, त्यात आकार टिकत नाही आणि त्यातील क्षार लोखंडाला गंजवतात. नवे होल्स्टर घट्ट असेल तर रिकामे रिव्हॉल्व्हर प्लास्टिकच्या पातळ पिशवीत गुंडाळून रात्रभर आत बसवून ठेवावे. तेल चोळून सैल करू नये. चामडे लिबलिबीत होऊन तोंड मिटते आणि हत्यार एका हाताने परत ठेवता येत नाही. ओले झालेले होल्स्टर सावलीत वाळवावे, शेकोटीजवळ नाही. कायडेक्ससारखे थर्मोप्लास्टिक पाणी पीत नाही, पण झुडपाला घासले की आवाज करते आणि त्यात अडकलेली वाळू नळीवरचा निळा मुलामा खरवडते.

चाप पूर्ण झाकलेला असलाच पाहिजे. जाकिटाची दोरी चापात अडकणे हा खरा धोका आहे, म्हणून परत ठेवताना तोंडाकडे पाहावे. हॅमरवरून (काडतुसावर आघात करणाऱ्या खटक्यावरून) येणारी, अंगठ्याने उघडायची पट्टी घट्ट हवी. नळीच्या टोकावरची माशी (नेम धरण्याची पुढची खूण) चामड्यात रुतू नये म्हणून आत खोबण असावी. तळ उघडा असेल तर गुडघ्यावर बसताना चिखल किंवा बर्फ नळीत शिरतो, आणि तशा नळीतून गोळी झाडल्यास नळी फुगू किंवा फुटू शकते. तळ बंद असेल तर पाणी निथळायला बारीक छिद्र हवे. ट्रान्सफर बार (चाप ओढल्याशिवाय हॅमरचा आघात काडतुसापर्यंत पोहोचू न देणारी पट्टी) नसलेल्या जुन्या सिंगल ॲक्शन, म्हणजे दर वेळी हॅमर हाताने मागे ओढाव्या लागणाऱ्या, रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच काडतुसे भरून हॅमर रिकाम्या घरावर ठेवतात, कारण पडून हॅमरला धक्का बसला तर गोळी सुटू शकते. रुगरने १९७३ पासून आपल्या अशा रिव्हॉल्व्हरांत ट्रान्सफर बार दिला.

विकत घेण्यापूर्वी हंगामातले सर्वांत जाड कपडे घालून, सिलिंडर (काडतुसांची फिरती नळकांडी) उघडून रिव्हॉल्व्हर रिकामे असल्याची खात्री करून चाचणी घ्यावी : खुर्चीत बसणे, बुटाची नाडी बांधणे, शिडी चढणे, पाठपिशवी चढवणे-उतरवणे. पट्टी लावून मऊ गादीवर होल्स्टर उलटे हलवले तर हत्यार सुटता कामा नये. त्यानंतर दोन तास चालावे. काचण्याची जागा पहिल्या दहा मिनिटांत कळत नाही. हंगाम संपला की रिव्हॉल्व्हर होल्स्टरबाहेर ठेवावे. चामडे हवेतला ओलावा धरते आणि नळीवर गंजाचे ठिपके उमटतात. चामडी पट्ट्यातली पितळी काडतुसेही काढून ठेवावीत, नाहीतर त्यांवर हिरवा चिकट थर चढतो आणि ती सिलिंडरमध्ये अडकू लागतात.